ज्योत कामापुरती असावी

शेतीला कोणती अवजारे असावीत याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. ती अवजारे मोडली, त्यांचा सांधा सुटला किंवा नट गंजून बसला, म्हणजे घरच्या घरी दुरुस्तीसाठी हाताशी काय असावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः हंगामातील खोळंबा बहुधा मोठ्या मोडतोडीने होत नाही. तो क्षुल्लक बिघाडाने होतो. तासगाव आणि मिरज तालुक्यांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हवा ढगाळ झाली की केवड्याच्या भीतीने द्राक्षबागेवरील फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी फवारणीच्या पितळी नळीचा सांधा सुटला, तर दोन मिनिटांच्या डाखकामासाठी अर्धा दिवस जातो. माण-खटाव भागात पाण्याची पाळी आलेली असते आणि पंपाच्या जोडावरील एक गंजलेला नट हलत नाही. नुकसान नटाचे नसते, चुकलेल्या पाळीचे असते.

पूर्वी अशी कामे लोहाराच्या भट्टीवर अथवा कल्हईवाल्याच्या भात्यावर होत. पुढे रॉकेलवर चालणारा ब्लोलॅम्प आला आणि काही काळ त्याने चांगले काम दिले. रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाल्यावर तोही मागे पडला आणि त्याची जागा गॅस टॉर्चने घेतली. आता हत्यारांच्या दुकानांत टॉर्च, निरनिराळ्या तोट्या, रबरी नळी व चकमक असा संच एका पेटीत घालून विकला जातो. हे साधन उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ते ज्या रीतीने निवडले जाते ती रीत सदोष आहे. ग्राहक पेटीतील तोट्या मोजतो, दुकानदाराने पेटवून दाखविलेली ज्योत किती लांब आहे हे पाहतो आणि किंमत ठरवितो. खरे पाहता प्रथम काम, नंतर इंधन, नंतर काम करावयाची जागा आणि सर्वांत शेवटी किंमत, असा विचाराचा क्रम असावयास हवा.

या प्रदेशाला नव्या अवजाराची पारख करण्याचा मोठा अनुभव आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्या वेळच्या औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जागा दिली. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा त्या काळी कित्येक शेतकऱ्यांचा समज होता आणि म्हणून ते नांगराला हात लावीत नसत. नांगराचे काम शेतात प्रत्यक्ष दिसू लागले तेव्हा तो समज मावळला. त्या पिढीने चांगल्या लोखंडावरही काम पाहिल्यावाचून विश्वास ठेवला नाही; आजची पिढी मात्र रंगीत पेटीवर काम न पाहताच विश्वास ठेवते. आधीची शंका अज्ञानाची असली, तरी काम पाहून घेण्याची तिची सवय टाकून देण्याजोगी खास नव्हती.

उष्णता किती अंश, आणि किती

टॉर्चच्या निवडीत मुख्य गैरसमज ज्योतीसंबंधी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेत नीट जळला, तर लहान टॉर्चची ज्योत आणि मोठ्या टॉर्चची ज्योत यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक असतो तो दर मिनिटाला मिळणाऱ्या उष्णतेत. ऊस भिजविणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. पाणी तेच असले, तरी बारीक धारेने लांब सरी भिजत नाही. वाटेतच ते जमिनीत मुरते. मोठ्या प्रवाहाने तीच सरी शेवटपर्यंत भरते. तद्वत जाड पितळी तुकड्यावर लहान ज्योत धरली, तर आलेली उष्णता धातूतून चहूकडे पसरून जाते आणि सांधा कितीही वेळ तापविला तरी हवा तितका तापत नाही. याउलट पातळ पत्र्यावर मोठी ज्योत धरली, तर डाख वितळण्याआधीच पत्रा वाकडा होतो. म्हणून सर्वांत मोठा टॉर्च तो सर्वांत चांगला, हे म्हणणे अर्ध्या एकरासाठी नदीवरचा मोठा पंप घेण्यासारखे आहे.

घरगुती दुरुस्तीतील कामांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग डाखकामाचा. कथिल व शिसे यांचा नेहमीचा डाख 183 अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. पातळ पितळी नळी, तांब्याची तार, पत्र्याचे नरसाळे अशा कामांना एवढी उष्णता पुरते. मात्र दुधाची किटली, पिण्याच्या पाण्याची घागर, गुळाची काहील यांना शिसेमिश्रित डाख कधीही लावू नये. तेथे शिसे नसलेलाच डाख वापरावा. भांड्याला कल्हई लावण्याचे कथिलही शुद्ध असावे. ते 232 अंशांवर वितळते.

दुसरा वर्ग झाळकामाचा, ज्याला कारागीर ब्रेझिंग म्हणतात. यात पितळेची किंवा चांदीमिश्रित सळी वितळवून सांधा भरतात आणि टाकणखाराचा उपयोग करतात. चांदीमिश्रित सळीला 600 ते 800 अंशांच्या आसपास, तर पितळी सळीला 900 अंशांच्या जवळपास तापमान लागते. सांधा लालभडक व्हावा लागतो आणि तेवढा वेळ तो तसा राहावा लागतो.

तिसरा वर्ग नुसत्या तापविण्याचा. गंजलेला नट सोडविणे, घट्ट बसलेली कडी काढणे, लोखंडी पट्टी वाकविणे ही कामे यात येतात. नट सोडविताना ज्योत नटावर फिरवावी, बोल्टावर नव्हे; नट प्रसरण पावून सैल होणे हाच त्यातील हेतू असतो. तत्पूर्वी त्यावर तेल सोडले असेल, तर ते पुसून घ्यावे.

शेतकऱ्याने टॉर्च घेण्यापूर्वी गेल्या वर्षातील आपल्या दुरुस्त्या आठवून त्या या तीन वर्गांत मांडाव्यात. बहुतेकांच्या लक्षात येईल की पहिल्या आणि तिसऱ्या वर्गातील लहान कामेच आपल्याकडे अधिक असतात. झाळकाम वर्षातून एकदा-दोनदा येते आणि त्यासाठी कारागिराकडे जाणे केव्हाही स्वस्त पडते.

तीन प्रकारचे संच

बाजारात मिळणारे संचही स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. सर्वांत लहान प्रकारात सुमारे सव्वादोनशे ग्रॅम गॅसचा पत्र्याचा डबा असतो व त्याच्या तोंडावर टॉर्च बसवितात. डाखकामाला व लहान नटांना हा पुरतो. हा घेताना डब्याच्या तोंडावर स्वतःची झडप आहे की नाही, हे प्रथम पाहावे. झडप असलेला डबा काम संपताच टॉर्चपासून वेगळा करता येतो. ज्या डब्याला टॉर्चच्या सुईने भोक पाडावे लागते, तो एकदा टोचला की संपेपर्यंत काढता येत नाही. असा प्रकार घरात ठेवू नये. या डब्यांतील गॅस बहुधा ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळपास द्रवच राहतो. म्हणून महाबळेश्वर, जावळी व पाटणच्या डोंगराळ भागात थंडीच्या पहाटे ज्योत मंद होते. ती वाढविण्यासाठी डबा चुलीजवळ ठेवणे हा प्राणघातक उपाय होय. प्रोपेनमिश्रित गॅसचा डबा घ्यावा किंवा ऊन वर येईपर्यंत थांबावे. डबा उलटा अथवा फार तिरपा धरल्यास वाफेऐवजी द्रव गॅस बाहेर येऊन ज्योत भडकते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या प्रकारात हातात धरावयाचा टॉर्च लांब नळीने व दाबनियंत्रकाने, म्हणजे रेग्युलेटरने, 5 किलोच्या टाकीला जोडलेला असतो. झाळकाम, जाड नट व पट्टी वाकविणे यांसाठी हा योग्य. खर्चाचा हिशेब करताना टॉर्च ताशी किती ग्रॅम गॅस जाळतो, हे विचारावे. ताशी 150 ग्रॅम जाळणारा टॉर्च सव्वादोनशे ग्रॅमच्या डब्यावर दीड तास चालेल, तर 5 किलोच्या टाकीवर सुमारे 33 तास. डब्यातील गॅस वजनामागे बराच महाग पडतो. परंतु ज्याचे वर्षाचे काम दोन तासांचे आहे त्याला डबाच परवडतो. ज्याचे काम महिन्याला दोन तासांचे आहे, त्याने टाकीचा विचार करावा.

तिसरा प्रकार ऑक्सिजनची जोड असलेल्या कापणी व जोडणीच्या संचाचा. तो प्रशिक्षित कारागिराचा आहे. घरगुती दुरुस्तीच्या नावाखाली तो घरात आणणे सर्वथा अनुचित होय.

पेटीतील तोट्यांच्या संख्येला फारसे महत्त्व नाही. एक बारीक व एक मध्यम अशा दोन तोट्या नेहमीच्या कामाला पुरतात. त्याऐवजी पाहावयाचे ते हे : झडपेची कळ सहज व एकसारखी फिरते काय, ज्योत पूर्ण बारीक करूनही स्थिर राहते काय, नळी उच्च दाबाच्या गॅससाठी बनविलेली आहे काय आणि तिच्यावर मानकचिन्ह व निर्मितीचे वर्ष आहे काय, सुटी तोटी व रबरी चकती पुढे त्याच दुकानात मिळेल काय. ज्याची चकती मिळत नाही तो टॉर्च एका हंगामाचा सोबती होय. नळी पारदर्शक प्लास्टिकची असेल, तर संच कितीही स्वस्त असला तरी तो तेथेच ठेवावा.

स्वयंपाकघरातील टाकी

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळावयास हवे. घरात 14.2 किलोची टाकी आहेच, मग टॉर्चसाठी वेगळी कशाला, असे पुष्कळांचे म्हणणे असते. वरवर पाहता हे म्हणणे काटकसरीचे वाटते. परंतु त्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष तांत्रिक आहे. शेगडीचा रेग्युलेटर अतिशय कमी दाबाने, सुमारे 30 मिलिबारने, गॅस सोडतो. टॉर्चला याच्या कित्येक पट दाब लागतो. म्हणून लोक मूळ रेग्युलेटर काढून बाजारातील दुसरा बसवितात आणि शेगडीची, कमी दाबासाठी केलेली नळी त्यावर चढवितात. ती नळी एक दिवस फुगते अथवा निसटते. दुसरा दोष जागेचा आहे. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाल्यास तो वर निघून न जाता जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याच्या आत साठतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा 2 झाले तरी ठिणगीने तो पेट घेतो. तिसरा दोष कायद्याचा आहे. अनुदानाने वा घरगुती दराने मिळणारी टाकी स्वयंपाकाखेरीज अन्य कामाला वापरण्यास 2000 च्या द्रवीभूत पेट्रोलियम वायू पुरवठा व वितरण आदेशान्वये मनाई आहे.

यावर सरळ मार्ग उपलब्ध आहे. सरकारी तेल कंपन्यांनी 2013 पासून 5 किलोची टाकी खुल्या दराने विकण्यास आरंभ केला. टॉर्चसाठी तीच घ्यावी. मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्या टपऱ्यांवर मात्र जाऊ नये. असे भरणे बेकायदेशीर तर आहेच, पण टाकी किती भरली हे तेथे कोणी तोलीत नाही आणि काठोकाठ भरलेली टाकी उन्हात फुटू शकते. टाकी घेताना तिच्या गळ्याजवळील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे दोन अंक पाहावेत. अक्षर वर्षाची तिमाही दाखविते. ती तारीख उलटून गेली असल्यास टाकी परत करावी.

जेथे ज्योत नेऊ नये

चांगल्या टॉर्चची ओळख तो काय करतो यावरून जशी होते, तशी चांगल्या मालकाची ओळख तो टॉर्च कोठे नेत नाही यावरून होते. पी.व्ही.सी. पाइपाचे तोंड ज्योतीवर तापवून रुंद करण्याची चाल सर्वत्र आहे. त्यामुळे पाइप त्या जागी पातळ होतो आणि पंपाचा दाब येताच फाटतो. करपल्यास त्यातून घशाला व फुप्फुसांना जाळणारी आम्लाची वाफ निघते. जोडतुकडा व चिकटद्रव्य यांची किंमत वाया गेलेल्या पाण्यापेक्षा कमीच असते. जस्त चढविलेल्या पांढऱ्या लोखंडी नळीवर मोठी ज्योत धरल्यास जस्ताची वाफ होते. ती हुंगणाऱ्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते आणि वितळण्यापूर्वी लाल होत नाही. पंपाचा भाग पाहता पाहता हातचा जातो. विळा व कोयता यांचे पाते तापून निळे पडले म्हणजे त्याचे पाणी उतरले असे समजावे.

पेट्रोलच्या टाकीसंबंधी तर अपवादच नको. पॉवर पंपाची रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोक्याची असते. कारण आत उरलेली वाफ हवेशी मिसळून स्फोटक झालेली असते. तिला घरी ज्योत लावणे म्हणजे हाताने सुरुंग पेटविणे होय. फवारणीची नळी डाखण्यापूर्वी ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन वाळवावी. औषधाचा अंश तापला तर त्याची वाफ विषारी असते.

काम करावयाच्या जागेचाही विचार या दोन जिल्ह्यांत अधिक काळजीने करावा लागतो. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या भागांत तोडणीच्या दिवसांत उसाचे वाळलेले पाचट बांधापर्यंत आलेले असते. उन्हात टॉर्चची ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि वारा तिला वाटेल तिकडे वळवितो. ऊस, कडब्याची गंजी, गोठा, बेदाण्याची शेड यांच्या जवळ टॉर्च पेटवू नये. मोटार विहिरीवरून हलविता येत नसेल, तर भोवतालची जागा झाडून ओली करावी, पाण्याची घागर व वाळूची पाटी जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास तेथून हलू नये. टाकी उभी व ज्योतीपासून तीन मीटर दूर असावी. प्रत्येक जोड पेटविण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने तपासावा. काडीने तपासणे म्हणजे गळती शोधणे नव्हे, तिला आमंत्रण देणे होय. हात भाजल्यास त्यावर हळद वा मलम न लावता वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. गॅसगळतीसाठी 1906 हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो टाकीजवळ नव्हे, दारावर लिहून ठेवावा.

टॉर्च कोणाकडे असावा

या सर्व विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की प्रत्येक घरात मोठा संच असण्याची आवश्यकता नाही. वर्षातून चार वेळा लागणारे साधन उरलेले दिवस अडगळीत पडते; नळी उंदीर कुरतडतात, झडपेत माती जाते आणि पाचव्या वेळी ते तपासल्यावाचून पेटविले जाते. अपघाताचे मूळ या पाचव्या वेळेत असते. ज्याला डाखकाम शिकावयाची आवड आहे त्याने झडपेच्या डब्याचा लहान टॉर्च घ्यावा. 5 किलोच्या टाकीचा संच मात्र वस्तीतील आठ-दहा घरांनी मिळून घ्यावा, तो एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावा आणि त्या व्यक्तीनेच तो चालवावा. गावात लोहार किंवा जोडकाम करणारा कारागीर असेल, तर ती व्यक्ती तोच होय. शेतकऱ्यांनी वेगवेगळे दहा संच घेऊन त्याचे काम काढून घेण्यापेक्षा त्याच्याकडे एक उत्तम संच असणे सर्वांच्या हिताचे आहे. यामुळे गावातील विद्याही गावात राहते.

यावर असे म्हटले जाईल की सामाईक वस्तू कोणाचीच नसते आणि ऐन गरजेच्या वेळी ती दुसऱ्याच्या शेतावर असते. हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच ती फिरती नसावी. टॉर्च शेतावर न जाता शक्यतो मोडलेली वस्तू टॉर्चकडे यावी. नळी, नट, कडी या हातात मावणाऱ्या वस्तू आहेत. एका ठरलेल्या जागी, दगडी ओट्यावर, वाऱ्याच्या आडोशाला पण उघड्या हवेत केलेले काम अधिक चांगले व निर्धोक होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुढाकार घेण्यासारखा आहे. बियाण्याचे प्रात्यक्षिक ज्या उत्साहाने होते त्याच उत्साहाने दुरुस्तीचेही व्हावे. द्राक्षछाटणीपूर्वी, सप्टेंबरमध्ये, एका सकाळी गावातील सर्व फवारणी पंप एकत्र आणावेत; जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास किंवा गावातील कारागिरास बोलवावे; आणि सुटलेले सांधे सर्वांसमक्ष डाखून घ्यावेत. त्याच वेळी लहान व मोठा टॉर्च एकाच तुकड्यावर चालवून दाखवावा, साबणाच्या पाण्याने गळती कशी दिसते ते दाखवावे. व्याख्यानाने जे समजावयास तास लागतो, ते वितळलेला डाख सांध्यात ओढला जाताना पाहून क्षणात समजते. त्या एका सकाळीने कोणी टॉर्च विकत घेण्याचा बेत रद्द केला, तरी ते प्रात्यक्षिक यशस्वी झाले असे मानावे; कारण त्याला आपले काम किती आहे हे कळले. ज्याने घ्यावयाचे ठरविले, त्याला काय घ्यावे हेही तेथे कळेल.